जऊळक्याच्या रुळापासून खळ्यापर्यंत

वाशीम जिल्ह्यातलं जऊळका अकोला–पूर्णा लोहमार्गावर आहे. या मार्गावर रेल्वेच्या अपघातात कुणी दगावलं किंवा गंभीर जखमी झालं, तर जवळच्या स्टेशनमास्तरने विनाविलंब जिल्हा दंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांना कळवायचं, असं 1989 चा रेल्वे कायदा सांगतो. रेल्वेवर ही सक्ती 1890 च्या कायद्यापासून आहे. त्याच रुळांलगतच्या वावरात सोयाबीनची सुडी थ्रेशरला लावताना मजुराची बोटं गेली, तर तिथे असा स्टेशनमास्तर नाही. वावरातली ही उणीव शेतीचं शास्त्र शिकवणाऱ्या विद्यापीठापर्यंत कशी पोचते, हे गेल्या शतकभराचे कायदे ओळीने वाचले की दिसतं.

1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने जखमेला माप दिलं. अंगठा गेला तर कमाईच्या क्षमतेची हानी 30 टक्के, तर्जनी पूर्ण गेली तर 14 टक्के. यांत्रिक मळणी आणि कीटकनाशकांची फवारणी करणारे मजूरही पुढे त्याच्या अनुसूचीत आले. म्हणजे भरपाईचा हक्क खळ्यापर्यंत पोचला, अपघात कळवण्याचं बंधन मात्र पोचलं नाही. 1933 मध्ये घातलेलं कलम 10-ब म्हणत होतं की मृत्यूचा किंवा गंभीर दुखापतीचा अहवाल मालकाने सात दिवसांत आयुक्तांकडे पाठवावा. पण ही सक्ती अशाच जागी, जिथे दुसऱ्या एखाद्या कायद्याने अपघाताची सूचना देणं आधीच बंधनकारक होतं. कारखान्यात 1948 च्या कारखाने अधिनियमाचं कलम 88 तशी सूचना मागत असे. कामगार 48 तास कामावर येऊ शकला नाही तरी ती द्यावी लागे. प्रयोगशाळा किंवा विद्यापीठाचं प्रक्षेत्र म्हणजे कारखाना नव्हे. तिथे जखमी झालेल्याला दावा करता येतो, पण दावा केला नाही तर कागदावर काहीच उरत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे: आपल्याकडे नोंद भरपाईच्या मागून येते, आणि म्हणून जी जखम पैसे मागत नाही ती घडलीच नाही असं ठरतं.

शेतकऱ्यांच्या अपघात मदतीतही हेच झालं. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेत मृत्यूला दोन लाख, एक हात, पाय किंवा डोळा गेल्यास एक लाख रुपये आहेत. त्या हिशेबात बोट बसत नाही, आणि ज्याच्या नावावर किंवा घरात सातबारा नाही तो मजूरही बसत नाही. 2017 च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसं गेली, शेकडो दवाखान्यात दाखल झाली. विषबाधेची प्रत्येक घटना कळवण्याचं बंधन अधिसूचनेने घालण्याचा अधिकार राज्याला 1968 च्या कीटकनाशक कायद्यानेच दिलेला होता. तरीही प्रश्नाचा आकार कळला तो दवाखाने भरल्यावर.

विद्यापीठं आणि संशोधन संस्थांकडे वळलं की चित्र फार निराळं नाही. 29 डिसेंबर 2009 रोजी तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या प्रयोगशाळेत आग लागून दोन तरुण संशोधक गेले. पुढच्याच वर्षी दिल्ली विद्यापीठाने लिलावात विकलेल्या जुन्या उपकरणातला कोबाल्ट-60 मायापुरीच्या भंगारबाजारात पोचला आणि एका कामगाराचा जीव गेला. मृत्यू झाला म्हणून या घटना आपल्याला ठाऊक आहेत. अॅसिडने भाजलेला हात किंवा ट्रॅक्टरच्या शाफ्टमध्ये अडकता अडकता सुटलेला सदरा कुठल्या वहीत उतरतो? अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ 1969 पासून विदर्भासाठी वाणं देतं, अवजारं सुचवतं. यंत्र कसं चालवायचं हे शिकवणाऱ्या संस्थेने त्याने माणूस कसा दुखावतो याचीही वही ठेवावी, ही अपेक्षा जास्त नाही. मजुरांचं मस्टर तिथे रोज भरलं जातंच.

नोंद म्हणजे आरोप, असं धरलं गेलं तर लोक लपवतील, असा एक आक्षेप येईल. तो खरा आहे. गावात तर मालक आणि मजूर एकमेकांच्या ओळखीतले असतात. पण त्यावर उपाय नोंद टाळणं नव्हे, ती दोषापासून वेगळी करणं. ब्रिटनमध्ये कामगार सात दिवसांपेक्षा जास्त काळ नेहमीच्या कामाला मुकला की मालकाने ते कळवायचं असतं. अहवाल देणं म्हणजे चूक कबूल करणं, असं तिथे मानत नाहीत. शेतीही त्यातून सुटलेली नाही. दुसरा आक्षेप कागदांच्या ओझ्याचा. चार एकरवाल्याच्या बाबतीत मला तो मान्य आहे, आणि म्हणूनच सुरुवात विद्यापीठापासून हवी. तिथे कारकून आहेत, वाहन आहे, अभियंतेही आहेत.

21 नोव्हेंबर 2025 पासून या जुन्या कामगार कायद्यांच्या जागी नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. व्यावसायिक सुरक्षेची संहिता साधारणपणे दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होते. प्रक्षेत्रावरचा मजूर तिच्यात बसवता येईल; फेलोशिपवरचा संशोधक 'कामगार' या शब्दात सहज बसत नाही, आणि थ्रेशरमागची चार-सहा माणसं तर दहाच्या अटीतच अडतात. 1933 च्या त्या कलमात मात्र एक उपकलम होतं: अहवालाची सक्ती इतर कोणत्याही प्रकारच्या जागांना अधिसूचनेने लावण्याची मुभा राज्याला होती. कृषी विद्यापीठांची प्रक्षेत्रं आणि प्रयोगशाळा यांना तशी सक्ती लावायला आजही एक अधिसूचना पुरावी, आणि वहीत रकाने पाच पुरेत: तारीख, यंत्र किंवा रसायन, काम, जखम, किती दिवस कामाला मुकला.