बाळाच्या वाटीत पाणी कमी, पीठ जास्त

"पोरगं पोटभर पेज पितं, तरी अंगाला लागत नाही." वस्तीत फिरताना सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या आया आम्हाला हे वारंवार सांगतात. घरातली म्हातारी माणसं म्हणतात, नजर लागली. शेजारीण म्हणते, पावडरीचा डबा आणा. मग एका दिवसाची मजुरी त्या डब्यात जाते. अशा वेळी आम्ही आधी बाळाची वाटी बघायला मागतो. बहुतेक वेळा वाटीत पाणी जास्त आणि पीठ थोडं असतं.

यात आईची चूक नाही. पेज घट्ट केली की बाळ ती तोंडातून बाहेर ढकलतं, कधी ठसका लागतो. म्हणून आई पाणी वाढवते. बाळ खातं, पण त्याच्या पोटात जातं ते मुख्यतः पाणीच.

थोडा हिशेब करू. अर्धी वाटी, म्हणजे १०० मिली पातळ पेजेत साधारण ५ ग्रॅम पीठ असतं. त्यातून सुमारे १७ कॅलरी, म्हणजे उष्मांक, मिळतात. आईचं दूध पिणाऱ्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दुधाशिवाय वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे २०० कॅलरी लागतात. नऊ ते अकरा महिन्यांत ३००, आणि एक ते दोन वर्षांच्या वयात सुमारे ५५०. पातळ पेजेने २०० कॅलरी भरायच्या तर दिवसात बारा वेळा अर्धी वाटी पाजावी लागेल. सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम २०० मिली मावतं. त्यात आईचं दूधही बसायला हवं. बारा वेळा कोण पाजणार आणि बाळ तरी कसं पिणार?

त्याच अर्ध्या वाटीत २० ग्रॅम पीठ घातलं तर सुमारे ७० कॅलरी मिळतात. दिवसात तीन वेळा दिलं की काम झालं. अडचण एकच. इतकं पीठ शिजवलं की त्याचा गोळा होतो आणि बाळाला तो गिळता येत नाही.

म्हणजे पीठ जास्त हवं, पण पेज पातळही हवी. ही अडचण मोड आलेलं धान्य सोडवतं.

पेज घट्ट का होते?

धान्यात मुख्यतः पिष्ट असतं. पिष्ट म्हणजे साखरेच्या कणांच्या लांबलचक माळा. पाण्यात शिजवलं की पिष्टाचे दाणे पाणी पिऊन फुगतात, माळा एकमेकींत अडकतात आणि पेज घट्ट होते. या माळा मधे मधे तोडल्या तर पेज पुन्हा पातळ होईल. पीठ तेवढंच राहील आणि कॅलरीही तेवढ्याच राहतील.

माळा तोडण्याचं काम विकर करतात. शाळेच्या पुस्तकात विकर आणि बोलताना एन्झाइम म्हणतात, ते हेच. पिष्ट तोडणाऱ्या विकराचं नाव अमायलेज. अडकित्त्याने सुपारी कातरावी तसं ते माळा कातरत जातं आणि स्वतः मात्र संपत नाही. म्हणून चिमूटभर विकर पुष्कळ पिठाला पुरतं. आपल्या थुंकीतही हे असतं. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोड लागतो, तो त्यामुळेच.

धान्याला मोड येतो तेव्हा कोवळ्या कोंबाला अन्न लागतं. दाण्यात साठवलेलं पिष्ट वापरायला तो दाणा स्वतःच अमायलेज तयार करतो. फ्रान्समध्ये पायां आणि पेर्सो या दोघांनी १८३३ साली मोड आलेल्या सातूतून हे विकर वेगळं काढलं. १८९४ मध्ये ताकामिने जोकिची या जपानी शास्त्रज्ञाने बुरशी वाढवून तिच्यातून असं विकर मिळवण्याच्या रीतीचं पेटंट अमेरिकेत घेतलं. आज कारखान्यांत मोठ्या पोलादी टाक्यांमध्ये जिवाणू आणि बुरशी वाढवतात. उष्णता, हवा आणि आंबटपणा ठरावीक ठेवून त्यांच्याकडून विकर तयार करून घेतात. मक्याच्या पिष्टापासून ग्लुकोज सिरप बनवायला आणि पावात हे विकर वापरतात. डब्यावर 'मॉल्ट' असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ मोड आणून वाळवलेलं धान्य, बहुधा सातू.

डब्याच्या दामात जाहिरातही असते आणि बऱ्याचदा डब्यात साखरही भरपूर असते. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन दुकानांना सांगितलं की अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरात विकू नका. आपल्याला बाळासाठी हवं ते विकर घरच्या गव्हातही मिळतं.

संशोधन काय सांगतं?

मैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत देसिकाचार यांनी १९८० च्या सुमारास मोडाच्या धान्यापासून पातळ, पण भरपूर ताकदीचं बाळअन्न तयार करण्यावर काम केलं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात मोडाच्या पिठाची चिमूट घातलेली लापशी अभ्यासली. आफ्रिकेतल्या टांझानियातही त्याच काळात हे काम झालं. सगळीकडे आढळलं ते असं की घट्ट लापशीत मोडाचं थोडं पीठ मिसळलं की काही मिनिटांत ती चमच्यावरून ओघळू लागते.

पीठ कसं करायचं?

पाव किलो गहू किंवा नाचणी घ्या. खाण्याचंच धान्य घ्या. पेरणीच्या बियाण्याला औषध लावलेलं असतं, ते कधीही वापरू नका. धान्य निवडून, धुऊन रात्रभर भिजत घाला. सकाळी पाणी काढून ओल्या स्वच्छ फडक्यात बांधा. दिवसातून दोन-तीनदा पाणी शिंपडा. एक-दोन दिवसांत दाण्याएवढा मोड येतो. आंबूस किंवा कुबट वास आला, बुरशी दिसली, तर सगळं टाकून द्या.

मग स्वच्छ कापडावर पसरून, वरून पातळ कापड झाकून, कडक उन्हात वाळवा. दाणा दाताखाली कट्‌कन तुटला पाहिजे. हाताने चोळून कोंब आणि मुळं झाडून टाका. घरच्या मिक्सरमध्ये दळा आणि कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. एका महिन्यात संपवा.

तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, मोडाचं धान्य लालसर होईपर्यंत भाजू नका. जास्त उष्णतेने विकर मरतं. भाजलेलं पीठ खायला चांगलंच असतं, पण ते पेज पातळ करत नाही.

दुसरी, नाचणी वाटून, गाळून, वरचं पाणी ओतून सत्त्व काढतात. त्या पाण्याबरोबर विकरही निघून जातं. या कामासाठी सत्त्व नको, मोडाचं कोरडं पीठ हवं.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची. ज्वारीला मोड आणून बाळाला देऊ नका. ज्वारीच्या कोवळ्या कोंबात विष तयार करणारं द्रव्य असतं. कोवळी ज्वारी खाऊन गुरं दगावतात, हे गावाकडच्या माणसांना ठाऊक आहे. ज्वारीच्या साध्या पिठाला, भाकरीला काही धोका नाही.

पेज कशी करायची?

दोन मोठे चमचे भरून नाचणीचं, तांदळाचं किंवा गव्हाचं साधं पीठ घ्या. त्यातच थोडं भाजलेल्या मुगाच्या डाळीचं पीठ मिसळा. अर्ध्या वाटीहून थोडं जास्त पाणी घालून शिजवा. चांगली घट्ट झाली की उतरवा. दोन-तीन मिनिटं थांबा, कारण उकळत्या पेजेत विकर लगेच मरतं. मग मोडाचं पीठ अर्धा लहान चमचा घाला आणि तीन ते पाच मिनिटं ढवळा. पेज डोळ्यांदेखत सैल होते, थोडी गोडही लागते.

आता ती पुन्हा चुलीवर ठेवा आणि दोन-तीन मिनिटं उकळा. हे चुकवू नका. मोड येताना धान्यावर जंतूही वाढतात, ते या उकळीने मरतात. शेवटी एक लहान चमचा तेल किंवा तूप घाला, त्यातून आणखी सुमारे ४५ कॅलरी मिळतात. कोमट झाल्यावर वाटी-चमच्याने भरवा. पातळ झाली म्हणून बाटलीत भरू नका. बाटलीच्या बुचात जंतू राहतात आणि बाळाला जुलाब लागतात. उरलेली पेज संध्याकाळसाठी ठेवू नका.

कुठे थांबायचं?

सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचं दूध. पेज त्यानंतर, आणि सुरुवात दोन-तीन चमच्यांनीच. आईचं दूध दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू ठेवा. बाळ मऊ डाळभात चावून गिळू लागलं की पेज पातळ करण्याची गरज राहत नाही. मग डाळ, भाजी, फळं द्या आणि जमेल तसं अंडंही. मोडाचं पीठ त्यांची जागा घेत नाही.

अंगणवाडीचा हक्कही सोडू नका. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळाला घरी नेण्याचा आहार मिळाला पाहिजे. २०१३ च्या मूळ कायद्यात त्यासाठी दिवसाला ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं ठरवलेली होती. कुपोषित बाळासाठी तेव्हा हेच प्रमाण ८०० कॅलरी होतं. दर महिन्याला वजन करून घ्या. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, दोन्ही पायांवर सूज आली, बाळ मलूल पडलं किंवा खाणं सोडलं, तर घरी पेजेचे प्रयोग करत बसू नका. लगेच सरकारी दवाखान्यात न्या.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली. शंभरातली पस्तीस. मजुरी, पाणी, संडास, दवाखाना हे सगळं सुधारल्याशिवाय हा आकडा पुरता खाली येणार नाही, आणि त्यासाठी भांडावंच लागेल. पण आज संध्याकाळची वाटी आपल्या हातात आहे.

महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत हे करून बघा. एकाच पातेल्यातली घट्ट लापशी दोन वाट्यांत काढा. एकीत मोडाचं पीठ घाला, दुसरीत नाही. पाच मिनिटांनी दोन्हींत चमचा बुडवून उचला आणि सगळ्या आयांना दाखवा.