सासूबाईंचं माहेर विवराच्या काठावर

आपण बायका अष्टविनायक करतो, तिरुपतीला जाऊन येतो, पण मेहकरहून तासाभराच्या आत असलेलं लोणार बघायचं राहूनच जातं. बघितलं तरी काठावरून. फोटो काढायचे, कणीस खायचं, गाडीत बसायचं. खाली उतरणाऱ्या बायका थोड्याच.

माझ्या सासूबाईंचं माहेर लोणारचं. लहानपणी नवरात्रात कमळजादेवीला त्या उड्या मारत खाली जायच्या. लग्न झालं आणि ते सुटलंच. पुढे माहेरचं घरही राहिलं नाही, मग जायचं तरी कुणाकडे? गुडघे दुखायला लागल्यापासून मात्र एकच धोसरा, "एकडाव कमळजेची ओटी भरतो, मंग पाहू." (वऱ्हाडातल्या बाया 'भरतो', 'जातो' असंच म्हणतात, बरं का!) आमच्या घरातल्या पुरुषमंडळींनी साफ नाही म्हटलं. डॉक्टर म्हणाले, काठी घ्या, सावकाश उतरा, चालणं चांगलंच. २०१९ च्या जानेवारीत आम्ही दोघी सकाळी सहाच्या एसटीनं निघालो.

धारेपासून वाट उतरते. धार म्हणजे काठावरचा बारमाही झरा, गोमुखातून पडणारा. सुरुवातीला दगडी पायऱ्या, मग झाडीतली पायवाट. खोली सुमारे १३७ मीटर, पण उतार अंगावर येणारा नाही. सासूबाई दर वळणावर बसायच्या आणि मी पाण्याची बाटली पुढे करायची. वर गावाचा गलका, खाली आलं की एकदम शांत. मोर ओरडतात, वानरं फांद्या हलवतात. २००० सालापासून हे अभयारण्य आहे.

आपल्याकडचा सगळा मुलूख ज्वालामुखीच्या काळ्या दगडाचा. म्हणून इंग्रजांच्या काळापासून कित्येक वर्षं हाही एक ज्वालामुखीच, असं समजत होते. पण इथल्या दगडात प्रचंड धक्क्यानं तयार झालेली काच सापडली, आणि १९७३ साली शास्त्रज्ञांनी मांडलं की आकाशातून अशनी येऊन आदळला. त्या एका तडाख्यात जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंदीची ही वाटी झाली. वय आधी पन्नास हजार वर्षं सांगत, २०१० च्या मोजणीत ते ५ लाख ७० हजारांच्या घरात निघालं. काळ्या दगडात झालेली अशी विवरं पृथ्वीवर फार थोडी, म्हणून चंद्र-मंगळाचा अभ्यास करणारेही इथे येतात. सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "आम्ही तं लवणासुराचं बीळ म्हणत होतो. इष्णूनं मारलं त्याले." गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ त्याच गोष्टीचं आहे. त्याचं कोरीव काम येताना जरूर बघा.

खाली पोचलो तर उग्र वास. तळ्याचं पाणी खारं, अगदी सोड्यासारखं. पूर्वी इथून खार काढत, साबणाला वापरत. देवळाजवळ आहे सासू-सुनेची विहीर. एका बाजूचं पाणी गोड, दुसऱ्या बाजूचं खारट! उताराकडून गोड्या पाण्याचे झरे येतात आणि तळ्याकडून खार झिरपतो, इतकं साधं आहे ते. चाखून बघायचा काही मला धीर झाला नाही. "खारी बाजू सासूची का सुनेची?" मी विचारलं. "आमच्या वेळी सासूचीच म्हणत. आता कोण जाणे बाई!" म्हणून त्या खुदकन हसल्या. ओटी भरताना मात्र बराच वेळ बोलल्या नाहीत. त्यांच्या आईचं लुगडं तिथेच, त्याच पायरीवर वाळायचं म्हणे.

चढताना तास-दीड तास गेला. बायकांसाठी स्वच्छतागृह वाटेत कुठेच नाही दिसलं. इतक्या लांबून बाया येतात, कुणाला हे सुचू नये?

पुढच्याच वर्षी, जून २०२० मध्ये, तळं गुलाबी झालं. सासूबाईंना वाटलं, देवी रागावली. मी पेपर वाचून दाखवला. पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात जगणारे सूक्ष्म जीव वाढले, असं पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासून सांगितलं होतं. पावसानं रंग गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणार रामसर यादीत आलं, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांत. आता काळजी उलटी आहे. अलीकडे पाणी चढत चाललंय, देवळापर्यंत आलंय. गोडं पाणी फार मिसळलं तर खार पातळ होईल आणि त्या खारावरच जगणारे जीव जातील. गावच्या सांडपाण्याचा प्रश्न तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलेला आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, जायचं तर हिवाळ्यात, सकाळी लवकर. चप्पल नको, बूट घाला. पाणी, गूळ-शेंगदाणे बरोबर घ्या, आणि वाट कुठवर खुली आहे ते वनखात्याच्या माणसांना आधी विचारा. सासूबाईंनी त्यांच्या धाकट्या बहिणीला फोन करून ठेवलाय. तिचेही गुडघे दुखतात. काठी आमच्याकडे एकच आहे, दुसरी आणायचीय.