रिकव्हरी म्हणजे वसुली नव्हे!



परवा एका गटसभेत आम्ही बोलून गेलो, "यंदा रिकव्हरी वाढवायची आहे." मागून एक आजोबा ताडकन उठले. "आवं सायेब, आजून किती वाढवताय? सोसायटीचं समदं बिलातनंच कापून घेतलं की!" सभा हसली. चूक आमचीच, शब्दाची फोड न करता तो वापरला.

बँकेत रिकव्हरी म्हणजे वसुली. दवाखान्यात पेशंटची रिकव्हरी म्हणजे त्याने आजारातून उठणे. कारखान्यात मात्र रिकव्हरी म्हणजे साखर उतारा. शंभर किलो ऊस गाळून जेवढे किलो साखर पोत्यात पडते, तो आकडा. उतारा ११ म्हणजे टनाला ११० किलो साखर. मुळातला अर्थ एकच, होते ते परत हाती येणे. कारण साखर कारखाना तयार करीत नाही. ती तुमच्या रानात उसाच्या पानात तयार होते, कांड्यात साठते. आम्ही फक्त काढून घेतो. तीही सगळी निघत नाही. समजा उसात १३ टक्के असली, तर पोत्यात ११ च्या आसपास येते. बाकीची थोडी बगॅस व प्रेसमडमध्ये आणि बरीचशी मळीत जाते.

आता पैशाचे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी ठरविली, आणि त्यावरील दर ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे. म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे. शंभर टन घालणाऱ्याला ३,४६० रुपये. एवढ्यात युरियाची बरीच पोती येतात की!

आजोबांनी पुढे विचारले, "मग माज्या उसाची रिकव्हरी किती?" इथे आम्ही अडलो. सोसायटीची वसुली ज्याच्या त्याच्या नावावर असते. उतारा सगळ्या गाळपाचा मिळून एकच निघतो. तुम्ही पक्व ऊस जमिनीलगत तोडून, पाचट काढून घातला आणि शेजाऱ्याने कोवळा ऊस शेंडा-मातीसकट भरला, तरी दर दोघांना सारखाच. तुमच्यावर हा अन्याय आहे, हे आम्हाला मान्य आहे.

एकट्या फडाचा अंदाज ब्रिक्सवरून येतो. ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेले सगळे घन पदार्थ, नुसती साखर नव्हे. बुडख्याचा व शेंड्याकडचा आकडा जवळ आला की ऊस पक्व समजावा. चिटबॉय ब्रिक्स पाहायला आला तर त्याला बांधावरूनच परत धाडू नका.

तोडलेल्या उसातली साखर मात्र तासातासाला फुटते, आणि फुटलेल्या साखरेचा दाणा धरत नाही. ती मळीतच जाते. फडात मोळ्या पडून राहिल्या तर टोळीला व आम्हाला लगेच कळवा. गाडीतळावर वाहने अडकतात, तो दोष तुमचा नाही, आमचा आहे. तुमचा ट्रॅक्टर दुसऱ्या दिवशीही तिथेच उभा दिसला, तर शेतकी ऑफिसात येऊन आम्हाला खडसवा.