फीचा हिशेब : महाराष्ट्रातील पालक आणि खासगी शाळा, १९८० ते २०२५

महाराष्ट्रात खासगी शाळा म्हणजे महागडी शाळा, हे समीकरण फार जुने नाही. १८८० साली पुण्यात सुरू झालेले न्यू इंग्लिश स्कूल खासगी होते आणि १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी स्थापन केलेली रयत शिक्षण संस्थाही खासगीच. विलेपार्ल्याचे पार्ले टिळक विद्यालय किंवा दादरचे बालमोहन विद्यामंदिर लोकांच्या पुढाकारातून उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर राज्यातल्या माध्यमिक शिक्षणाचा मोठा भार अशाच संस्थांनी उचलला. शाळा संस्थेची आणि शिक्षकांचा पगार सरकारचा, अशी ही अनुदानाची पद्धत होती. १९७७च्या कायद्याने खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तीही बांधून दिल्या. मूल चौथीपर्यंत जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेत जाई आणि पाचवीला हायस्कूलमध्ये दाखल होई. फी नाममात्र असल्यामुळे घरात चर्चा होई ती कोणत्या शाळेत गणित चांगले शिकवतात, शिस्त कुठे आहे आणि शाळा घरापासून किती लांब आहे, याची. पैसे वसूल होतील का, हा प्रश्न बहुसंख्य कुटुंबांसमोर आलाच नाही.

तो प्रश्न १९८०नंतर हळूहळू उभा राहिला आणि त्याच्या मुळाशी इंग्रजी माध्यम होते. मिशनऱ्यांच्या कॉन्व्हेंट शाळा पूर्वीपासून होत्या, पण त्या मोजक्या शहरांत आणि मोजक्या घरांसाठी. ऐंशीच्या दशकात मराठी नोकरदार वर्गही त्यांच्या दाराशी रांगा लावू लागला. १९८३पासून राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये निघू लागली आणि शिक्षण विकत घेता येते ही कल्पना मध्यमवर्गात रुळली. शाळाप्रवेशासाठी डोनेशन हा शब्द सर्रास झाला. १९८७ साली राज्याने कॅपिटेशन फी घेण्यास बंदी करणारा कायदा केला. तो होऊनही ‘बिल्डिंग फंड’ आणि ऐच्छिक देणगीच्या नावाने पैसे घेतले जातच राहिले. बंदी घालणे सोपे होते. पावतीवर काय लिहिले आहे आणि प्रत्यक्ष कशासाठी घेतले आहे, हे तपासणारी यंत्रणा उभी राहिली नाही.

या काळात मराठी कुटुंबांनी निर्णय कसे घेतले, याचा एक बारकाईचा अभ्यास उपलब्ध आहे. कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाईग या अर्थशास्त्रज्ञांनी दादर परिसरातल्या शाळांत १९८२ ते २००१ या वीस वर्षांत दाखल झालेल्या विद्यार्थ्यांच्या सुमारे ४,९०० घरांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. नव्वदच्या दशकात इंग्रजी माध्यमातून शिकलेल्यांच्या कमाईतला फायदा ठळकपणे वाढला होता, तरीही कष्टकरी जातींतले मुलगे मोठ्या संख्येने मराठी माध्यमातच राहिले. कारण त्यांना बाप-काकांच्या ओळखीतून गिरणीत, गोदीत किंवा कारखान्यात काम मिळण्याची परंपरा होती आणि त्या ओळखीचे वजन शाळेच्या निवडीवरही पडत होते. मुलींना ती वाट खुलीच नव्हती. त्यामुळे त्याच जातींतल्या मुली मुलांपेक्षा वेगाने इंग्रजी माध्यमाकडे वळल्या. शाळेच्या निर्णयाला केवळ हौस किंवा अनुकरण म्हणणाऱ्यांनी हा अभ्यास जरूर पाहावा. पालक पुढच्या रोजगाराचा अंदाज बांधून निवड करत होते. गिरण्या बंद पडत गेल्या तसा तो अंदाज मुलग्यांच्या बाबतीत चुकला.

सरकारलाही हा ओढा दिसत होता. २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू झाला. इंग्रजीसाठी माध्यम बदलण्याची गरज राहणार नाही, अशी त्यामागे अपेक्षा होती. पण पुढच्याच वर्षी उलट्या दिशेचा निर्णय झाला. २००१पासून नव्या शाळांना ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावर मान्यता मिळू लागली, म्हणजे सरकार पगार कधीही देणार नाही अशी अट. २००९ साली त्यातला ‘कायम’ शब्द वगळला गेला, तरी अनुदानाचे टप्पे रेंगाळत राहिले. २०१२च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्याने तर सरकारी पैशाविना शाळा काढण्याचा रस्ता रुंद केला. मराठी माध्यमाच्या विनाअनुदानित शाळेला फी मागता येत नव्हती आणि अनुदान मिळत नव्हते; तिचे शिक्षक वर्षानुवर्षे तुटपुंज्या मानधनावर राबले. इंग्रजी माध्यमाच्या शाळेला मात्र फी मागता येत होती. नवी शाळा काढू पाहणाऱ्या संस्थेने कोणते माध्यम निवडावे, हे जणू धोरणानेच ठरवून दिले.

त्याच सुमारास मोफत शाळेची बाजू दुबळी होत गेली. २०१२ साली राज्यात शिक्षकभरतीवर बंदी आली आणि ती बराच काळ टिकली. निवृत्त झालेल्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या. शहरांत मराठी शाळांची पटसंख्या घसरली, तुकड्या बंद झाल्या, शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरून दुसऱ्या शाळांत पाठवले गेले. गावात ऐपतदार घरांची मुले पिवळ्या बसने तालुक्याला जाऊ लागली, की जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रश्न विचारणारे, शिक्षक नसेल तर पंचायत समितीत जाऊन बसणारे पालकही कमी होत. खासगी शाळेची फी वसूल होते की नाही याचे उत्तर केवळ त्या शाळेत सापडत नाही; शेजारची मोफत शाळा कशी आहे यावर ते ठरते. आणि जितकी कुटुंबे बाहेर पडली तितकी ती मोफत शाळा खचत गेली, म्हणून मागे राहिलेल्यांनाही फी भरणे भाग वाटू लागले. गेल्या चाळीस वर्षांतली सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी बोलली गेलेली गोष्ट हीच आहे. मात्र तिला अपवादही घडले. शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत प्रवेशासाठी प्रतीक्षायादी लागली. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. जिथे शाळा सावरली तिथे पालक परत आले.

‘असर’ या ग्रामीण पाहणीतून देशभरचा कल दिसतो. सहा ते चौदा वयाच्या मुलांपैकी खासगी शाळांत जाणाऱ्यांचे प्रमाण २००६ साली १८.७ टक्के होते, ते २०१४पर्यंत ३०.८ टक्क्यांवर गेले. त्यानंतर ही वाढ थांबली. सरकारी शाळांतला वाटा २०१८ साली ६५.६ टक्के होता. करोनानंतर, २०२२ साली तो ७२.९ टक्के झाला आणि २०२४ साली पुन्हा ६६.८ टक्क्यांवर आला. उत्पन्न आटले तेव्हा मुले सरकारी शाळेत आली आणि सावरल्यावर परत गेली, असेच हे आकडे सांगतात.

शहरांत दोन हजारच्या दशकात निवडीला आणखी एक पदर जोडला गेला, तो बोर्डाचा. एसएससी, सीबीएसई, आयसीएसई आणि मोठ्या शहरांत आयजीसीएसई व आयबी अशी उतरंड तयार झाली. अकरावी प्रवेशात एसएससीच्या मुलांना मागे पडावे लागते, या तक्रारीवरून राज्याने २००९ साली ९०:१० असा कोटा आणला; तो उच्च न्यायालयात टिकला नाही. पुढे वैद्यकीय प्रवेशासाठी २०१६पासून ‘नीट’ अनिवार्य झाली. तिचा अभ्यासक्रम एनसीईआरटीच्या जवळचा असल्यामुळे लातूर-नांदेडपासून कोल्हापूरपर्यंत सीबीएसई शाळांची मागणी वाढली. डॉक्टरकीचे स्वप्न अकरावीत सुरू होते, पण त्याची फी आता पहिलीपासून भरली जाऊ लागली.

कायद्याने पालकांना काही आधार दिला. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला. त्यात प्रवेशासाठी मुलाची वा पालकांची मुलाखत घेण्यास मनाई आहे आणि खासगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी राखीव आहेत. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२मध्ये ही तरतूद वैध ठरवली. विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा तेवढ्या वगळल्या. राज्यात ऑनलाइन सोडतीने हे प्रवेश होतात. शाळांना सरकारकडून मिळणारी प्रतिपूर्ती अनेकदा थकली, त्यावरून वाद झाले. फेब्रुवारी २०२४मध्ये राज्याने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जबाबदारीतून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी तो बदल रद्द केला, हे योग्यच झाले. गौतम राव यांनी दिल्लीतल्या शाळांत केलेल्या अभ्यासात गरीब वर्गमित्र असलेली श्रीमंत मुले अधिक उदार आणि कमी भेदभाव करणारी आढळली. या जागांचा लाभ फक्त सोडत लागलेल्या मुलालाच होतो असे नाही.

फीच्या नियमनासाठी २०११ साली कायदा झाला, तो २०१४च्या अखेरीस अंमलात आला. पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीने फी मंजूर करायची आणि ती दोन वर्षे बांधील राहायची, अशी त्यात सोय आहे. वरून हा मोठा अधिकार दिसतो. प्रत्यक्षात समितीत बसलेल्या पालकाचे मूल त्याच शाळेत शिकत असते आणि त्याच्या बोलण्याला त्यामुळे आपोआप मर्यादा पडते. पुढच्या दुरुस्तीनुसार विभागीय शुल्क नियामक समितीकडे तक्रार नेण्यासाठी किमान २५ टक्के पालक एकत्र यावे लागतात. मोठ्या शाळेत ही अट जवळपास अशक्य आहे.

करोनाच्या दोन वर्षांत हा ताण उघडा पडला. मे २०२०मध्ये सरकारने त्या वर्षी फीवाढ करू नये असा आदेश काढला, तर ऑगस्ट २०२१मध्ये १५ टक्के फीकपातीचा. फी थकली म्हणून दाखला अडवला गेलेल्या मुलांना दाखल्याविना सरकारी शाळेत घेण्याचीही सोय करावी लागली.

खर्चाचे अलीकडचे चित्र २०२५ सालच्या राष्ट्रीय नमुना पाहणीत मिळते. देशात सरकारी शाळेतल्या विद्यार्थ्यामागे वर्षाला सरासरी २,८६३ रुपये, तर बिगरसरकारी शाळेतल्या विद्यार्थ्यामागे २५,००२ रुपये खर्च होतात. सुमारे २७ टक्के विद्यार्थी शाळेव्यतिरिक्त शिकवणीही लावतात. सरासरीत पुण्या-मुंबईच्या शाळा झाकल्या जातात, म्हणून एक साधा हिशेब उपयोगी पडतो. पहिलीला वार्षिक ६०,००० रुपये फी आणि दर दोन वर्षांनी १५ टक्के वाढ धरली, तर दहावीपर्यंत सुमारे ८ लाख ९ हजार रुपये होतात. दरवर्षी १० टक्के वाढ धरली तर तीच रक्कम साडेनऊ लाखांच्या पुढे जाते. बस, गणवेश, सहली, केजीची वर्षे आणि शिकवणी यांत धरलेली नाही. जुन्या करपद्धतीत दोन मुलांपर्यंतच्या शाळेच्या शिक्षण शुल्कावर दीड लाखाच्या मर्यादेत वजावट मिळते, डोनेशन किंवा बसच्या पैशांवर नाही. नव्या करपद्धतीत तीही नाही. पहिलीची फी परवडते का, असे विचारून घेतलेले निर्णय पाचवी-सहावीच्या सुमारास अडचणीत येतात ते यामुळे.

या पैशांतून काय मिळते, याचे सर्वांत भक्कम उत्तर तेव्हा शेजारी असलेल्या अविभाजित आंध्र प्रदेशातून आले. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी तिथल्या १८० गावांत सोडतीने काही मुलांना खासगी शाळेची फी दिली आणि चार वर्षे मागोवा घेतला. तेलुगू आणि गणितात सोडत लागलेल्या व न लागलेल्या मुलांत फरक दिसला नाही. हिंदीत खासगी शाळेतली मुले पुढे होती. खासगी शाळांचा दर विद्यार्थी खर्च सरकारी शाळांच्या एक-तृतीयांशापेक्षाही कमी होता. या शाळा महागड्या नव्हत्या, गावातल्या स्वस्त शाळा होत्या, हे लक्षात ठेवले पाहिजे. तरी एवढे स्पष्ट होते की खासगी शाळांतल्या मुलांचे जास्त गुण बऱ्याच अंशी घरातून आलेले असतात. इंग्रजीचे मात्र बाजारात मोल आहे. मेहताबुल आझम, एमी चिन आणि निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासानुसार अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्या पुरुषांचे ताशी वेतन ३४ टक्क्यांनी जास्त होते. त्यातही कमी शिकलेल्या तरुणांना हा लाभ फारसा नव्हता. म्हणजे इंग्रजी माध्यमावर ऐपतीबाहेर खर्च करून पुढे पदवीसाठी पैसे न उरणे, हा तोट्याचा व्यवहार आहे.

महागडे इंग्रजी माध्यम आणि मराठी शाळा या दोन टोकांमधली खास महाराष्ट्रातली वाट म्हणजे सेमी-इंग्रजी. मराठी माध्यम, पण गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, ही सोय आधी आठवीपासून होती. नंतर ती पाचवीला आणि काही शाळांत पहिलीलाही आली. अनेक अनुदानित हायस्कूलांची पटसंख्या तिनेच राखली. पगार सरकारचा असल्यामुळे पात्र शिक्षक आणि फी कमी, असा तिचा दुहेरी फायदा आहे. इंग्रजी शाळेत चौथीपर्यंत शिकवून पाचवीला किंवा आठवीला मुलाला अनुदानित शाळेत आणणारी कुटुंबे तालुक्याच्या गावांत सर्रास दिसतात. वाचलेले पैसे ती अकरावी-बारावीच्या क्लाससाठी ठेवतात, कारण दहावीनंतर सगळ्या बोर्डांची मुले त्याच कनिष्ठ महाविद्यालयांत आणि त्याच प्रवेशपरीक्षांना येतात. २०२५-२६पासून राज्य मंडळाच्या शाळांत पहिलीपासून टप्प्याटप्प्याने सीबीएसईच्या धर्तीवरचा अभ्यासक्रम आणण्यास सुरुवात झाली आहे. मुंबई महापालिकेने २०२०पासून स्वतःच्या सीबीएसई व आयसीएसई शाळा चालवल्या, त्यांत प्रवेशासाठी सोडत काढावी लागली. बोर्डाच्या नावासाठी वेगळी फी भरण्याचे कारण त्यामुळे काहीसे ओसरले आहे. उरते ते वर्गात किती मुले आहेत, शिक्षक कायम आहेत की दरवर्षी बदलतात, आणि सहावीतले मूल दुसरीचे पुस्तक वाचू शकते का, हे त्या त्या शाळेत जाऊन पाहण्याचे काम.