शिलाई मशीन आणताय? आधी वजन पाहा!

मंडळी, सुट्टीवरून परतताना बरकाला शिलाई मशीन आणायचंय? जुन्या बिडाच्या मशीनचं नुसतं डोकंच दहा किलोच्या वर भरतं. मिनी मशीन जेमतेम किलोभर, पण त्यातली बहुतेक फक्त सरळ टीप घालतात; साडीचा पिको किंवा जीन्सची दुमड त्यांना झेपत नाही. शिवलेली नऊवारी, मुलींचे परकर घरीच करायचे असतील तर पाच-सहा किलोचं झिगझॅग मशीन बरं.

भारतात २३० आणि ओमानमध्ये २४० व्होल्ट, दोन्हीकडे ५० हर्ट्झ. म्हणून ट्रान्सफॉर्मर नको, चपट्या तीन पिनांचा अ‍ॅडॅप्टर पुरतो. अमेरिकेतलं १२० व्होल्टचं मशीन मात्र थेट लावू नका, मोटर जळेल! दुकानातच चारपदरी कापडावर टीप घालून बघा. कात्री-सुया चेक-इन सामानातच ठेवा.