गोरेगावच्या मृणालताई, त्यांचा कायदा आणि आपला ऊसपट्टा



गेल्या महिन्यात पुतण्याच्या सोयरिकीसाठी मुंबईला जाणे झाले. आपल्या भागातली पुष्कळ कुटुंबे घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीकडे नोकरी-धंद्यानिमित्त स्थायिक झाली आहेत. त्यातल्याच एका घरी मुलगी पाहायला गेलो होतो. चहा-पोहे झाले, शेती किती, ऊस किती टन जातो, पाणी कशाचे, सगळी विचारपूस झाली आणि शेवटी "पोरगी गावाकडं राहायची नाही म्हणते" असे सांगून त्यांनी हात जोडले. हे सहावे स्थळ.

रात्री मुक्काम गोरेगावला धाकट्या बहिणीकडे होता. भाच्याने गाडी एका उड्डाणपुलावरून नेली. पुलाला मृणालताई गोरे यांचे नाव दिलेले आहे. भाचा कॉलेजात शिकतो. म्हणाला, "मामा, या कोण हो?" त्याला मी सांगितले ते इथे थोडे विस्ताराने लिहीत आहे, कारण या बाईंच्या कामाशी आपल्या ऊसपट्ट्याचा संबंध आहे आणि तो आपल्याला फारसा भूषणावह नाही.

मृणालताईंचा जन्म १९२८ चा. राष्ट्र सेवा दलात काम करता यावे म्हणून डॉक्टरकीचे शिक्षण अर्धवट सोडले. पती केशव ऊर्फ बंडू गोरे १९५८ साली वारले, पदरी एकच मुलगी. गोरेगाव तेव्हा मुंबईच्या कडेचे गाव होते. प्रथम ग्रामपंचायत, मग १९६१ पासून मुंबई महापालिका, अशा त्या वर चढत गेल्या. उपनगरातल्या वस्त्यांना नळ मिळावेत म्हणून त्यांनी एवढा उच्छाद मांडला की लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणू लागले. महागाईविरुद्धचे लाटणे मोर्चे जुन्या मंडळींना आठवत असतील. १९७२ मध्ये त्या विधानसभेवर आणि आणीबाणीत तुरुंग भोगल्यावर १९७७ मध्ये उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या. इंदिराबाई त्याच निवडणुकीत रायबरेलीत पडल्या, तेव्हा "पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात" ही घोषणा गाजली. १७ जुलै २०१२ रोजी त्या गेल्या.

पाण्याचे सर्वांना ठाऊक असते. कायद्याचे कमी लोकांना ठाऊक आहे.

१९८५ साली त्या पुन्हा विधानसभेत आल्या. त्या सुमारास गर्भजल परीक्षा नावाचा प्रकार मुंबईत बोकाळला होता. गर्भातल्या मुलाला काही आनुवंशिक व्यंग आहे का हे पाहण्यासाठी निघालेली ही तपासणी. पण तिच्यातून मुलगा की मुलगी हेही कळते, आणि धंदा त्याच्यावर चालला. आज पाचशे रुपये खर्च करा, पुढचा हुंड्याचा खर्च वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती उघडपणे केल्या जात. काही डॉक्टर, कार्यकर्ते आणि स्त्री संघटना एकत्र येऊन याच्याविरुद्ध उठल्या. त्यांचे म्हणणे मृणालताईंनी १९८६ मध्ये अशासकीय विधेयकाच्या रूपाने सभागृहात नेले.

अशासकीय विधेयक म्हणजे मंत्र्याने आणलेले नसून साध्या आमदाराने आणलेले विधेयक. ते मंजूर होणे दुर्मीळच. विरोधी बाकावरच्या आमदाराचे तर विचारूच नका. पण सभागृहात नि बाहेर एवढा आवाज उठला की सरकारला स्वतःचा कायदा करावा लागला. १९८८ साली महाराष्ट्राने गर्भलिंग तपासणीवर निर्बंध घालणारा कायदा केला. देशातला या विषयावरचा हा पहिलाच. केंद्राला १९९४ साल उजाडले, आणि तो कायदा अमलात यायला १९९६. नव्या तंत्रांना आवर घालण्यासाठी २००३ मध्ये तो आणखी कडक झाला.

आता आपल्याकडे वळू. १९८८ नंतर तेरा वर्षांनी, २००१ च्या जनगणनेत, सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुली राज्यात ९१३ होत्या. कोल्हापुरात ८३९, सांगलीत ८५१, साताऱ्यात ८७८. दुष्काळी, गरीब जिल्ह्यांत हे झाले असते तर कुणी अज्ञान म्हटले असते. इथे पाटाचे पाणी आहे, कारखाने आहेत, शाळा-कॉलेजे आहेत. उसाचे बिल हातात आले की तपासणी परवडू लागली, हे कडू आहे पण खोटे नाही. गर्भजलाच्या जागी सोनोग्राफीचे यंत्र आले आणि ते तालुक्याच्या गावापर्यंत पोचले.

२०११ मध्ये कोल्हापूर ८६३ वर, सांगली ८६७ वर आली. कोल्हापूरचे तेव्हाचे जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी यंत्रांना नोंद ठेवणारे उपकरण बसवून घेतले होते, त्याचीही चर्चा झाली. पण त्याच दहा वर्षांत बीड ८९४ वरून ८०७ वर घसरला. बीड म्हणजे आपल्या तोडणी टोळ्यांचा जिल्हा. आपला ऊस तोडणाऱ्यांनी आपलीच रीत उचलली की काय, असे मनात आल्याशिवाय राहत नाही. त्याच २०११ साली सातारा जिल्ह्यात 'नकुशी' नावाच्या अडीचशेहून अधिक मुलींची नावे समारंभाने बदलण्यात आली. आणि मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला बेकायदा गर्भपातात एक सव्वीस वर्षांची बाई दगावली. पोलिसांनी उकरले तेव्हा एकोणीस भ्रूण निघाले.

डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुण नवरदेवाच्या वेषात, घोड्यावर बसून, बँड लावून जिल्हाधिकारी कचेरीवर गेले. "आम्हाला बायको द्या." पेपरात फोटो पाहून आपण हसलो. मी तरी हसलो.

आता घरचे लिहितो. थोरल्या वहिनींना पहिली मुलगी. दुसऱ्या वेळी, १९९४ च्या सुमारास, त्यांना "दाखवून आणायला" नेले. दोन दिवसांनी आले ते "राहिलं नाही" असे सांगत. घरात कुणी काही विचारले नाही. मीही विचारले नाही. राज्याचा कायदा तेव्हा होऊन सहा वर्षे झाली होती आणि मी वर्तमानपत्र वाचणारा माणूस होतो. तिसऱ्या वेळी हा पुतण्या झाला. वाडीवर पेढे मीच वाटले.

कायद्यात एक कलम मला महत्त्वाचे वाटते. तपासणी करणारा, करवून घेणारा, दोघेही गुन्हेगार. तीन वर्षांपर्यंत कैद. पण बाईच्या बाबतीत कोर्ट असे धरून चालते की नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी तिला भाग पाडले. तसे नव्हते हे सिद्ध करण्याची जबाबदारी समोरच्यांवर. ज्यांना गावातल्या असल्या केंद्राची खबर द्यायची असेल त्यांच्यासाठी 'आमची मुलगी' या नावाची सरकारी दूरध्वनी सेवा आहे, क्रमांक १८०० २३३ ४४७५. नाव गुप्त ठेवतात. खबऱ्या योजनेत बक्षीसही आहे, पण बक्षिसासाठी कुणी फोन करील असे मला वाटत नाही. भावकीत बोल लागेल, ही भीती त्याहून मोठी असते.

हा मजकूर छापायला देण्याआधी वहिनींना वाचून दाखवला. दादा उठून गोठ्याकडे गेला. वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "द्या छापायला, भाऊजी. मला कुणी इचारलं हुतं का तवा?"

— एक ऊस उत्पादक सभासद