कार्डिओजेनिक शॉक : डोपामिन की नॉरएपिनेफ्रिन?

हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यानंतर कधी हृदयाची रक्त ढकलण्याची ताकदच खचते आणि रक्तदाब कोसळतो. हा कार्डिओजेनिक शॉक. अशा वेळी तो वाढवण्यासाठी डोपामिन किंवा नॉरएपिनेफ्रिन ही औषधे देतात. पण रक्तदाब वाढला म्हणजे औषध सुरक्षित ठरले, असे मानणे मला धोक्याचे वाटते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, निरनिराळ्या शॉकच्या १,६७९ रुग्णांवरील युरोपीय चाचणीत ठोके अनियमित होण्याचे प्रमाण डोपामिन घेणाऱ्यांत २४.१ टक्के, तर नॉरएपिनेफ्रिन घेणाऱ्यांत १२.४ टक्के निघाले. एकूण मृत्यूंत ठोस फरक नव्हता, हा आक्षेप खरा आहे. पण कार्डिओजेनिक शॉकच्या २८० रुग्णांत डोपामिन घेणारे अधिक दगावले. हा उपगट लहान, म्हणून पुरावा निर्णायक नाही. तरीही आधीच दुखावलेल्या हृदयाला ठोक्यांची नवी गडबड सोसवत नाही. त्यामुळे पहिली पसंती नॉरएपिनेफ्रिनलाच असावी.